चकचकीत दही

३ ऑगस्ट १९९८
आष्टीला पोचले! साताऱ्याहून दीड दिवसाचा प्रवास, अंग नुसतं आंबून गेलंय. पण उद्यापासून मी कनिष्ठ महाविद्यालयाची जीवशास्त्राची मास्तरीण. प्रयोगशाळा म्हणजे दोन टेबलं, एक सूक्ष्मदर्शक आणि डोमाजी नावाचे परिचर. माझ्या आधीचे रूपराव सर उन्हाळ्यात वारले; कशाने, ते कुणी सांगत नाही. घरमालकीण आनंदाबाईंनी आल्या आल्या भाकरी-दही वाढलं. मला हे गाव आवडणार.

६ ऑगस्ट
कपाटात रूपराव सरांची बंद नळी सापडली. वर चिठ्ठी: हात लावू नये. असं लिहिलं की मी लावणारच. आत बुळबुळीत, चकचकीत जंतू. तासभर उकळून मारले. सत्तर वर्षांपूर्वी लंडनमध्ये झालेला प्रयोग मुलांना दाखवायचाय. मारलेले घातक जंतू जिवंत निरुपद्रवी जंतूंत मिसळून उंदरांना टोचले, तर उंदीर मेले. मेलेले उठले नव्हते, त्यांचा गुण जिवंतांनी उचलला होता. आपल्याकडे उंदीर नाहीत, म्हणून आनंदाबाईंकडून लोटीभर दही आणलं. दह्यातले जंतू बिचारे गरीब; त्यांत हे मेलेले मिसळले. गुण उचलला, तर दही चकाकेल.

१० ऑगस्ट
जमलं! दही काचेसारखं चकाकतंय. पोरांनी टाळ्या वाजवल्या. फक्त हातातून खडू सारखा निसटत होता.

११ ऑगस्ट
उजव्या तळहातावर एकही रेष उरली नाही. डोमाजींना दाखवला, तर ते दोन पावलं मागे सरले. सरांचंही असंच सुरू झालं होतं म्हणे. आधी रेषा, मग नखं, शेवटी ओठ जुळून आले. हे आधी सांगायला काय झालं होतं? खूप चिडले. भीतीही वाटली, खोटं कशाला लिहू?
दही जाळायला लोटी मागितली. ती त्यांनी कालच आनंदाबाईंना परत दिली होती, आमच्याच दह्याने भरून! "रिकामं भांडं वापस काऊन करावं, मॅडम? आपल्या इकडे तसं करत नाईत."

१३ ऑगस्ट
आनंदाबाई खूश. इतकं घट्ट दही त्यांच्याकडे कधी लागलं नव्हतं. गल्लीभर विरजण वाटलंय. सोळा तारखेला इथल्या बेचाळीसच्या हुतात्म्यांना वंदन करायला पंचक्रोशी लोटते आणि सगळ्यांना ताक यांच्याच घरचं असतं. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग उकळून घेऊ. अहो, उकळून काय होणार! मेलं तरी ते गुण देतंच. गटारात ओतलं तर गटारातले जंतू उचलतील.

१५ ऑगस्ट
नखं गेली. पेन बोटांना सुतळीने बांधलंय. डोमाजी म्हणतात, पळून जा. नाही जाणार. चूक माझी, निस्तरणार मीच. ते ताक कुणी पिणार नाही —

१६ ऑगस्ट
पहाटे डोमाजी आणि मी आनंदाबाईंच्या ताकाचे पाचही हंडे प्रयोगशाळेत ओढून आणले. प्रत्येकात रॉकेल ओतलं, म्हणजे कुणी तोंडाला लावणार नाही. डोमाजींना डॉक्टर आणायला पिटाळलं. आतून कडी लावली.

गल्ली जमलीय. आनंदाबाई दार ठोठावतायत. मी वेडी म्हणे — असेन.

ओठ ओढले जातायत. ओरडता येत नाही — लिहिता येतं अजून —

खिडकीच्या काचेवर पंजे टेकलेत. वीस तरी. काच दमट, पण एकाही रेषेचा ठसा उमटत —

सगळी गल्लीच —

असू दे. बाकीच्यांना नाही मिळणार. दार मी उघडणार नाही —