डब्यात काय आहे, ओळखा

१८ सप्टें.
सून गप्पच. लावण्या वैशाखात लग्न होऊन तेलंगणातल्या सिरसिल्ल्याहून आली, तेव्हापासून गल्लीत कुणाशी दोन शब्द नाहीत. घरात बोलते, पण माझं तेलुगू ऐकून हसते. "अत्तम्मा, अर्धं मराठीच की हे." असू दे. पिढ्या गेल्या सोलापुरात, दुसरं काय होणार! शाळा मराठी, ही वही मराठी, भांडणं तेवढी तेलुगूत.
सीनू आज म्हणाला, तिकडच्या यंत्रमागांवर काम बघतो, हिला इथं करमत नाही. एकुलता एक पोरगा. 

२१ सप्टें.
बतकम्मा बसली, आता नऊ दिवस रोज फुलांचा मनोरा रचायचा. तरवड, कुरडू, झेंडू. फुलं रचायला लावण्याचा हात काय चालतो! माझी बतकम्मा दरवर्षी एका अंगाला कलते, हिची ताठ. अंगणात फेर, टाळ्या, गाणी. मग रिवाजाप्रमाणे मी झाकलेला डबा पुढं ठेवला. ओळखा! बायकांचा गलका, सत्तू, मलिदा, पुलिहोरा...
ला. बघतच राहिली. "हे काय?"
म्हटलं, आपली जुनी पद्धत, तिकडूनच आलेली. तुमच्यात विसरले असतील.
"आमच्यात कुणी ओळखत बसत नाही. प्रसाद हातावर देतात, खातात."
चारचौघींत! अस्सा राग आला.

२२ सप्टें.
राग तसाच, पण डोक्यात किडा वळवळतोय. तिकडची नाही तर आली कुठून?
दुपारी शेजारी शिवलीलाकाकूंकडं गेले. घर कानडी, वय ऐंशीच्या आसपास, गल्लीचं सगळं त्यांना ठाऊक. ऐकून हसत सुटल्या. "अगं, ती आमच्या हादग्याची खिरापत की! पाटावर हत्ती मांडून आमी फेर धरायचो. तुझी सासू नवी नवरी, दारात उभी राहून बघायची. मराठीचं एक अक्षर येत न्हवतं. मीच हात धरून आत ओढली."
खिरापत ओळखता ओळखताच सासूबाई मराठी शिकल्या म्हणे. करंजी, चिक्की, वाटली डाळ, आधी खायच्या वस्तू, मग बाकीचं. आणि मग डबा उचलून थेट बतकम्मात नेऊन ठेवला. मला मात्र जन्मभर "आपल्या गावाकडचं" म्हणून दटावलं! काय बाई होती!
काकूंना म्हटलं, म्हणजे मूळचं तुमचं. तर म्हणाल्या, "आमचं कुटलं? मी अक्कलकोटकडची. हादगा हितं आल्यावरच बघितला."
आता हादगावाल्यांनी कुणाकडून घेतलं, कोण सांगणार? विचार करून करून चहा उतू गेला.

२४ सप्टें.
ला.ला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. तिनं एवढंच विचारलं, "मग त्यांना करमलं का इथं?"
खोटं कशाला बोलू? म्हटलं, पहिलं वर्ष रडायच्या.
संध्याकाळी काकूंकडं हादग्याला आपणहून आली. ओळखायच्या वेळी तोंड बंद. डब्यात दाण्या-गुळाची शेंगापोळी होती, हिनं कधी पाहिलेलीच नाही. दोन खाल्ल्या. येताना जिन्यात विचारते, कशी करतात?

२७ सप्टें.
विहीणबाईंचा फोन, सद्दुल बतकम्माला, शेवटच्या दिवशी, लेक माहेरी पाहिजे. त्यांची रीतच आहे, नाही कसं म्हणू? सीनू सोडायला गेला. काम पण बघून येतो म्हणाला.
पहाटे ला.नं शेंगापोळ्या केल्या. पहिल्या दोन फुटल्या, नंतरच्या जमल्या. माझा स्टीलचा डबा भरला. बॅग मात्र फार फुगलेली वाटली. चार दिवसांना एवढे कपडे? विचारलं नाही.

३० सप्टें.
अष्टमी. अंगणात ला.शिवाय फेर झाला. माझी बतकम्मा परत कललेली. दुसरा डबा ठेवला, पण मन नव्हतं.
इतक्यात तिचा व्हिडिओ कॉल. त्यांचं अंगण, फुलांचे ढीग, कितीतरी बायका. मधोमध ला., तिच्या हातात माझाच स्टीलचा डबा. झाकणावर हात दाबून धरलेला. बायका तेलुगूत वाट्टेल ते ओरडतायत, विहीणबाई सगळ्यांत मोठ्यानं. कुणालाच येईना. ही हसतेय. एवढी हसताना मी पहिल्यांदा बघितली.
मग फोनकडं वळून मला म्हणाली, मराठीत, "अत्तम्मा, तुम्ही सांगायचं नाही हं!"
नाही सांगितलं. तोंडावर पदर धरून बसले. मागं सीनू कुणा मागवाल्याशी बोलत उभा दिसला. परत कधी येणार, ते विचारायच्या आत फोन कट झाला.