पाणीवाले आणि गटारवाले

बाई, आज पुन्हा आचोळ्याच्या त्या गल्लीत जाऊन आले. तुमच्या वेळी तिथे थोड्याच खोल्या होत्या आणि पलीकडे भातखाचरं. आता चाळीला चाळ चिकटली आहे, मागे आमच्या बिल्डिंगा. गटार मात्र तेच, आणि पाण्याची लाइन निम्म्या गल्लीत अजून त्या गटाराच्या पोटातूनच जाते. पाणी दिवसाआड येतं. आधी बराच वेळ पिवळं, वासाचं. मग जरा बरं दिसायला लागतं आणि बरं दिसतंय म्हणून लोक भरून ठेवतात. गल्लीत कावीळ आहे. शेवटच्या खोलीतली मुलगी दवाखान्यात आहे, यंदा दहावीला बसायची होती. कालपासून ती भलतंसलतं बोलतेय, आईलाच ‘तुम्ही कोण’ विचारते. आई घरबसल्या खोट्या दागिन्यांत खडे बसवते. डॉक्टरांनी तिला विचारलं, पाणी कुठलं पिता? ती म्हणाली, नळाचं. चांगलंच उत्तर दिलं असं तिला वाटलं होतं. आता धाकटीही दोन घास खाऊन ताट सारते आणि पोट दुखतं म्हणते. पुढचं पाणी परवा येईल. परवाच्या आत काही झालं नाही तर काय होणार हे मला दिसतंय, आणि माझ्या हातात काही नाही.

अशा वेळी मला तुमचं वसईचं स्वयंपाकघर आठवतं. मी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडले होते. शाळा सुटल्यावर तुम्ही ती समिती चालवायचात: गल्लीतल्या बायका, जवळच्या सोसायट्यांची काही माणसं आणि आम्ही तुमचे जुने विद्यार्थी. समितीचा एक अर्ज मी एकटीने पालिकेच्या ऑफिसात नेऊन दिला आणि पोचेचा शिक्का दाखवायला धावत तुमच्या वाडीत आले. तुम्ही ओट्याशी बोंबील साफ करत होतात. शिक्क्याकडे एकदा पाहिलंत आणि म्हणालात, “हा पिळला तर पाणी निघेल काय गं?” मला रडू फुटलं. तुम्ही समजूत काढली नाहीत, फोन लावायला सांगितलंत. हात माशाचे, म्हणून रिसीव्हर मी तुमच्या कानाशी धरला. आधी पाणीवाल्यांना: “साहेब, उद्या सकाळी गटारवाले स्वतः गल्लीतल्या खड्ड्यावर येतायत. म्हणाले, पाणीवाल्यांचं काही खरं नाही, ते यायचे नाहीत.” मग गटारवाल्यांना हेच, उलटं करून. फोन ठेवल्यावर म्हणालात, “आता शनिवारच्या कन्फेशनला दोन खोटी वाढली,” आणि परत बोंबलांकडे वळलात.

दुसऱ्या दिवशी दोघंही हजर. तुम्ही सकाळची मिस्सा आटोपून थेट आलेल्या, चर्चची साडी तशीच. एकाला खड्ड्याच्या या बाजूला उभं केलंत, दुसऱ्याला त्या बाजूला आणि दोघांच्या हातात चहाचा कप दिलात. कप हातात असला की माणूस लगेच निघत नाही, असं मला हळूच सांगितलंत. पाणीवाला म्हणतो गटार फुटलंय, गटारवाला म्हणतो नळ फुटलाय. दोघंही खरंच बोलतात, म्हणून त्यांना वेगवेगळं भेटायचं नाही. हे तुमचं वाक्य मी पुढे कितीतरी सभांमधून वापरलं आणि टाळ्या घेतल्या. पाणी बंद झालं की नळ उलटा श्वास घेतो आणि गटारातलं आत ओढतो, हे तुम्ही त्या दोघांना पाचवीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलंत. त्या वर्षी निम्म्या गल्लीची लाइन गटाराबाहेर आली. माझ्या लग्नात सगळ्यांनी भांडी दिली, तुम्ही गमबूट दिलेत. सासूबाईंनी ते आठवडाभर दाराबाहेर ठेवले.

आता सगळं सोपं झालंय, बाई. पाणीवाले, गटारवाले, टँकरवाला, सोसायट्यांचे सेक्रेटरी आणि मी, सगळे एकाच ग्रुपवर आहोत. मी गल्लीतल्या लाइनीवरच्या खड्ड्याचा फोटो टाकते, सगळे अंगठा टाकतात. परवा तर मोबाइलवर मेसेज आला की तक्रारीचं निवारण झालं. मी तो मेसेज वाचला तेव्हा खड्ड्याशीच उभी होते. मग मी तुमची युक्ती करून पाहिली. गटारवाल्यांना फोन लावला, म्हटलं, साहेब, उद्या पाणीवाले येतायत, म्हणाले तुमचं काही खरं नाही. तिकडून शांतपणे उत्तर आलं, “मॅडम, ते माझ्यासमोरच बसलेत. देऊ का फोन?” मागे कुणीतरी हसलं. एकाच खोलीत, एकाच टेबलाशी बसतात ते आता. एकत्र बसतात आणि तरी खड्ड्याशी एकत्र येत नाहीत, याला तुमच्याकडे काय उपाय होता हे तुम्ही होतात तेव्हा विचारायचं राहून गेलं.

त्यात रविवारी आमच्या गच्चीवर सोसायट्यांची मीटिंग झाली. आमचे सेक्रेटरी काही वाईट माणूस नाहीत, गणपतीत चाळीतल्या पोरांना वह्या वाटतात. ते म्हणाले, “आपल्याला टँकर परवडतो. चाळींची लाइन चाळी बघतील. आपण कशाला मध्ये पडायचं?” एकेक हात वर गेला. मी ओरडले. ओरडणाऱ्या बाईचं कुणी ऐकत नाही हे मला ठाऊक असून ओरडले. एवढ्या सोसायट्यांच्या नावाने फोन केला की ऑफिसात उचलतात. माझ्या एकटीच्या नावाने कोण उचलणार? समिती मोडली, बाई. बोर्ड तेवढा आहे, खाली जिन्यात, मीटरच्या शेजारी. मला राग येतो तो त्यांचा नाही, तुमचा येतो. तुम्ही मला सगळं शिकवलंत आणि लोक निघून गेल्यावर काय करायचं ते शिकवलं नाहीत.

आज सकाळी पाणीवाले आले, वाकून पाहिलं, फोटो काढला, म्हणाले हे गटाराचं आहे. मी म्हटलं, थांबा, चहा आणते. त्यांना पुढे बोळिंजला जायचं होतं. ते गेल्यावर बऱ्याच वेळाने गटारवाले आले आणि म्हणाले हे नळाचं आहे. मी त्यांच्या मोटरसायकलच्या पुढ्यात उभी राहिले. “मॅडम, तुमचं वय काय, हे काय करताय,” असं म्हणत त्यांनी गाडी बाजूने काढली. मग मी खड्ड्याच्या कडेला दगडावर बसून राहिले. फोन लावायला कुणी उरलं नव्हतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, म्हणून पुढचं लिहिते. दुपारी ती आई दवाखान्यातून आली. काय झालं असं तिने विचारलं नाही, माझ्या बसण्यावरूनच तिला कळलं असेल. आत गेली आणि माझ्यासाठी पेला भरून आणला. “घ्या ताई, उन्हात बसलायसा.” मी म्हटलं, आज उपास आहे, निर्जळी. तिने पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाणी गटारात ओतलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. सीलबंद बाटली घेऊन आली, झाकण स्वतः फोडलं आणि माझ्या हातात दिली. “हे चालंल,” म्हणाली. धाकटी दारात उभी राहून बघत होती. मला फार तहान लागली होती, बाई. सगळी बाटली मी प्यायले.