नादार माजी पतीच्या यादीतून काज मशीन वगळण्याबाबत

प्रति,
मा. अधिकारी साहेब,
नादारी व मालमत्ता विक्री कक्ष,
दुसरा मजला (जिन्याला कुलूप असल्यास मागच्या बाजूने)

विषय: माजी पती नादार ठरल्यामुळे लिलावात निघालेले अर्जदाराचे काज मशीन सोडून देणे, किंवा त्या मशीनचे कर्ज तरी अर्जदाराच्या गळ्यातून काढून घेणे. दोन्हींपैकी कोणतेही एक चालेल.

संदर्भ: १) आपल्या कक्षाची लिलावाची नोटीस, जी माजी पतीच्या नावे असून अर्जदाराच्या दारावर चिकटवलेली आहे. २) बँकेचे मागणीपत्र, जे अर्जदाराच्या नावे असून तिच्याच दारावर, पहिल्या कागदाच्या अर्ध्या भागावर चिकटवलेले आहे.

महोदय,

सविनय सादर की, अर्जदार बाई शिंप्यांच्या गल्लीत काज-बटण करते. मास्तर लोक शर्ट शिवतात आणि काजे करायला अर्जदाराकडे पाठवतात. सदर मशीन गेल्यास तिने हाताने काजे करावीत असे कोणी सुचवू नये. दिवसाला बारा शर्टांत डोळे जातात आणि पोट भरत नाही.

१. आठ वर्षांपूर्वी अर्जदार आणि तिचे तेव्हाचे चालू पती यांनी मिळून संयुक्त कर्ज काढले. त्यातून पतीने शोभेच्या माशांचे दुकान घातले व उरलेल्या रकमेत हे मशीन आले. बिल पतीने स्वतःच्या नावाने केले, कारण बिलावर आपले नाव वाचण्याची त्याला फार हौस. मासे पाच महिन्यांत मेले. मग त्याने पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांची एजन्सी घेतली, कारण मासे मेले ते पाण्यामुळे असे त्याचे म्हणणे पडले. एजन्सीने काय दिवे लावले ते आपल्या फाइलमध्ये आहेच.

२. सहा वर्षांपूर्वी रीतसर घटस्फोट झाला. वाटणी मात्र गल्लीच्या रिवाजाने झाली. आमच्याकडे कापडाच्या गठ्ठ्यावर ज्याची खडूची खूण त्याचा माल, आणि त्यावर आजवर कधी तंटा झालेला नाही. तेव्हा समोरच्या मास्तरांना साक्षीला बसवून अर्जदाराने मशीनवर फुली मारली, माजी पतीने काचेच्या टाक्यांवर गोल काढला आणि कर्ज निम्मे-निम्मे वाटून घेतले. कर्जावर खडूने खूण करता येत नाही, हे तिघांपैकी एकाच्याही लक्षात आले नाही. ही चूक अर्जदाराला मान्य आहे. तिने आपल्या निम्म्याचे सत्तर हप्ते एकही न चुकवता भरले आणि शेवटचा भरला त्या दिवशी स्वतःसाठी नव्या चपला घेतल्या.

३. चपला झिजायच्या आत मागणीपत्र आले. बँकेचे मॅनेजर चांगले गृहस्थ आहेत, त्यांनी अर्जदाराला पाणी दिले. ते म्हणाले, “बाई, बँकेत निम्मं कर्ज असं काही नसतं. कर्ज दोघांचं, म्हणजे पूर्ण तुमचं आणि पूर्ण त्यांचंही. आता ते नादार झाले, म्हणजे उरलेलं सगळं तुम्हीच भरायचं.” वाटणीचा कागद दाखवला, तेव्हा तो तुमच्या घरातला मामला आहे असे ते म्हणाले. घर मोडले म्हणूनच तो कागद झाला होता, हे अर्जदाराने सांगून पाहिले.

४. त्याच आठवड्यात आपल्या कक्षाचे कारकून आले. त्यांनी ओल्या फडक्याने फुली पुसली आणि तिथे चौदा नंबरची चिठ्ठी लावली. “बिल त्यांचं, म्हणजे मशीन त्यांचं,” असे ते म्हणाले. याप्रमाणे आजची स्थिती अशी, की मशीन माजी पतीचे आणि त्याचे कर्ज अर्जदाराचे. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण अर्जदाराने लहानपणी ऐकली होती. दोराचे पैसेही संन्याशाकडूनच घेतात, हे आता कळले.

५. कारकुनांनी जाता जाता नियम समजावून दिला. नादार माणसाची व त्याच्या पत्नीची पोटापाण्याची अवजारे लिलावातून वगळतात. “तुम्ही घटस्फोट घेतला नसता, तर काही अडचण नव्हती,” असे ते मनापासून हळहळून म्हणाले. अर्जदार माजी असल्याने तिला सवलत नाही. बँकेला मात्र ती अजून पत्नी चालते, कारण त्यांच्या फॉर्मवर तसे लिहिलेले आहे.

६. हा नियम माजी पतीच्याही कानावर गेला. गेल्या सोमवारी तो दारात येऊन उभा राहिला. बराच वाळला आहे. म्हणाला, “तुझी तयारी असेल तर मी नाही म्हणणार नाही. नुसतं कागदावर लग्न करू. मशीन सुटलं की परत अर्ज टाकू. माझ्यामुळे तुझं नुकसान नको.” त्याच्या शर्टाचे वरचे बटण तुटलेले होते. अर्जदाराने ते पाहिले व लावून दिले नाही.

७. या प्रस्तावावर अर्जदाराने पूर्ण दोन दिवस विचार केला, हे कबूल करताना तिला लाज वाटते आणि त्याहून जास्त राग येतो. एका मशीनसाठी तिने मनातल्या मनात तो माणूस पुन्हा घरात आणून बसवला, त्याच्या नव्या धंद्याच्या गप्पाही ऐकल्या. तिसऱ्या दिवशी तिने नाही म्हणून कळवले. ती त्याच्यावर आता रागावलेली नाही. तो वाईट माणूस नाही, फक्त त्याच्या शेजारी उभे राहणे परवडत नाही.

सबब नम्र विनंती की,

(अ) मशीन यादीतून वगळावे. साक्षीला मास्तर यायला तयार आहेत, फक्त दुपारी दोननंतर.

(आ) ते जमत नसेल, तर मशीन विकून येणारी रक्कम आधी याच कर्जात भरावी आणि उरलेल्या कर्जातून अर्जदाराची सुटका करण्याबाबत बँकेला कळवावे.

(इ) तेही जमत नसेल, तर अर्जदार या इसमाची कोणीही लागत नाही, असा दाखला आपल्या सहीशिक्क्याने द्यावा. न्यायालयाने तो सहा वर्षांपूर्वी दिला आहे, पण कुठल्याही खिडकीवर चालत नाही. नवा मिळत नसल्यास जुन्याची फी परत करावी.

नोटिशीप्रमाणे येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता आपले कर्मचारी मशीन उचलायला येणार आहेत. शाळेच्या गणवेशाचे दोनशे दहा शर्ट पुरे करायचे असल्याने अर्जदार त्या वेळी मशीनवर बसलेली असेल आणि ती उठणार नाही. आपली यादी तिने दोनदा वाचली आहे. तीत मशीन आहे, मशीनचे स्टूलही आहे, पण अर्जदार नाही. तेव्हा तिला उचलायचे झाल्यास ते कोणत्या नंबरखाली, एवढे बुधवारपर्यंत लेखी कळवावे.

कळावे.

आपली नम्र, आणि कोणाचीही पत्नी नसलेली,
(सही)
काज-बटणवाली, शिंप्यांची गल्ली
दिनांक: १२, शुक्रवार

सोबत: १) सत्तर हप्त्यांच्या पावत्या. २) घटस्फोटाचा हुकूम व फीची पावती. ३) वाटणीचा कागद, मास्तरांच्या सहीसह. ४) मशीनवर केलेले एक काज, नमुन्यासाठी. परत करण्याची गरज नाही.