बिननावाचे शिंतोडे

सोमवार, ३
नोकरी सुरू. सिम्युलेटरमध्ये उडणारी लष्करी विमानं बनवणारा छोटा स्टुडिओ, आम्ही तिघंच. संगणकावरचं नवंकोरं विमान वापरलेलं दिसेल असं रंगवणं हे माझं काम: धुराड्यामागची काजळी, वाऱ्याने मागे ओढलेले तेलाचे ओघळ, बुटांनी झिजलेला रंग. स्टुडिओ चालवणारे पूर्वी विमानांचे मेकॅनिक होते, त्यांना उस्ताद म्हणायचं. त्यांचा नियम एकच: प्रत्येक डागाला फाइलमध्ये वेगळा लेयर, म्हणजे थर, आणि लेयरचं नाव म्हणजे त्या डागाचं कारण. ताई म्हणाली, घरी साधी कपबशी विसळत नाहीस, आता डाग पाडायचा पगार घे!

बुधवार, ५
विमान प्रशिक्षणाचं आहे, दोन आसनं शेजारीशेजारी. मिरर चालू ठेवला की एका बाजूला काढलेलं दुसरीकडे आपोआप उमटतं, अर्धी मेहनत वाचते. कॉकपिटच्या काचेवर नवा ब्रश आजमावला: आतून उडालेले लालसर तपकिरी शिंतोडे, डोक्याच्या उंचीवर. नंतर मिरर बंद करून विमानाच्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर गंजाचे ओघळ दिले, दोन लांब, एक आखूड. फार छान जमले. नावं उद्या देईन.

गुरुवार, ६
मॉडेल बनवणारा, ज्याला उस्ताद ठोकळा म्हणतात, बाहेरच्या लोखंडी जिन्यावरून पडला. नडगीचं हाड पँट फाडून बाहेर आलं. मी पट्ट्याने त्याची मांडी आवळून धरली. तिसऱ्या पायरीवरून रक्त ओघळत होतं. दोन लांब, एक आखूड.
योगायोग.

शुक्रवार, ७
योगायोग तपासता येतो. विमानाच्या दाराच्या कडेला चार बारीक ओरखडे काढले, नाव दिलं नाही. अकरा वाजता स्टुडिओचं लोखंडी दार आपटलं. उस्तादांची चार बोटं फटीत. दोन तुटून खाली पडली. मी ती उचलली, पिशवीत घालून बर्फावर ठेवली. त्यांनी एवढंच विचारलं, नाव दिलं नव्हतंस ना? मग म्हणाले, डागाला कारण आपण दिलं नाही तर तो ते स्वतः शोधतो. माझ्या आधीच्या मुलीनेही एक डाग तसाच सोडला होता. तिचं काय झालं ते सांगितलं नाही.

शनिवार, ८
काचेवरचे शिंतोडे. पुसले, पुन्हा आले. ‘तेल उडालं’ असं नाव दिलं. फाइल उघडली की नाव कोरं. उस्ताद फोनवर म्हणाले, नाव डागासोबतच द्यायचं असतं, नंतर घेत नाही. काच असेल तिथे बसू नकोस.
घरीच आहे. माझा डाग, मीच भोगेन.

रविवार, ९
ताईच्या हातात पेला फुटला. मनगट चिरलं, रक्त थांबेना. दुसरं कुणी नव्हतं, गाडी मीच काढली.
रेल्वेचं फाटक बंद. मोबाइलवर लिहितेय. ताई शेजारी, हात वर धरून, मलाच धीर देतेय —
दोन आसनं. शेजारीशेजारी.
मिरर. काचेच्या वेळी मिरर चालू होता —
ताईला म्हटलं उतर. म्हणते, वेडी झालीस का, चक्कर येतेय मला —
तिचा पट्टा निघत नाही. रक्ताने हात निसटतो —
मागच्या आरशात ट्रक. वेग कमी करत नाहीये. नाव देते, आत्ताच, हे घे — शिंतोडे, दोन्ही काचा, कारण —