गाडीला पाजलेलं पाणी

अप्पा,

उद्या मी माझी गाडी घेऊन लातूरहून जैसलमेरकडे निघते आहे. चार गाड्या आहेत, सगळ्या फोर-व्हीलच्या, आणि तिकडे पोचल्यावर रस्ता सोडून वाळूतून जायचं, वाळूतच मुक्काम करायचा. तुम्हाला हे सांगायचं कारण एवढंच, की आठवडाभर तयारी चालली आहे आणि आठवडाभर मी तुमच्यावर चिडते आहे. आमच्या गटाचा म्होरक्या उदगीरचा एक तरुण इंजिनिअर आहे. त्याने फोनवर सूचना धाडल्या. वाळूत शिरण्याआधी चाकांतली हवा कमी करा. तंबूचं तोंड वाऱ्याकडे ठेवू नका. वाळूत खुंट्या धरत नाहीत, म्हणून पोत्यांत वाळू भरून ती पुरा आणि दोर त्यांना बांधा. दिवसा चटका बसला तरी रात्री हाडं गोठतात, जाड पांघरूण घ्या. बाकीच्यांनी ते कौतुकाने वाचलं. माझं डोकं तापलं, कारण त्यातलं बहुतेक सगळं मी शाळेत असतानाच तुमच्याकडून ऐकलं होतं. तुम्ही बापजन्मात वाळवंट पाहिलं नव्हतं, तरी सगळं तुमचंच. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्याचंच ऐकायचं म्हणजे काय?

जिल्हा नवा झाला तेव्हा तुमची बदली हदगावहून लातूरला झाली. नव्या जिल्ह्याला साहेब मिळाले, पाट्या मिळाल्या, कचेरीच्या भिंतींना रंग मिळाला, पाणी तेवढं मिळालं नाही. टंचाईचं काम बघणाऱ्या साहेबांची जीप तुमच्या ताब्यात होती, आणि तिचे जेवढे लाड झाले तेवढे आम्हा पोरांचे झाले नाहीत. दौऱ्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही कॅनव्हासची छागल बादलीत भिजत घालायचात. कोरड्या छागलीत पाणी भरलं तर गळून जातं. कापड भिजून फुगलं की नुसतं पाझरतं आणि वाऱ्याने आतलं पाणी गार होतं. मग पाण्याचे दोन डबे, गोणपाटं, हवेचा पंप, तुरीच्या काड्यांची जुडी. आई म्हणायची, लेकीची पाठवणी करावी तसं चाललंय. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यातला मी नव्हे, हे तुमचं ठरलेलं उत्तर. आपलं पाणी आपण घरून न्यायचं, हा तुमचा नेम होता. का, हे विचारायची सोय नव्हती.

सातवीच्या सुट्टीत आई बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणून साहेबांची परवानगी काढून तुम्ही मला दौऱ्यावर नेलंत. जळकोटच्या पलीकडे एका माळावर साहेबांचा तंबू लागला. तुम्ही तंबूभोवती चर खणायला घेतलात तेव्हा साहेब खुर्चीत बसून हसत होते. प्यायला थेंब नाही आणि हा पावसाच्या पाण्याला वाट करून देतोय, असं त्यांनी चारचौघांत ऐकवलं. तुम्ही खाली मान घालून खणत राहिलात. दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ काळं झालं, वारा सुटला, गारा पडल्या, आणि सगळं पाणी त्या चरातून निघून गेलं. साहेबांचे कागद कोरडे राहिले. त्यांनी तुम्हाला साधं बरं केलंस म्हटलं नाही, आणि तुम्हीही त्यांच्याकडे पाहिलं नाहीत. माझा बाप आभाळालाही ओळखतो, असं मला त्या दिवशी वाटलं. ते वाटणं परतीच्या वाटेवर संपलं.

साहेबांना घाई होती म्हणून त्यांनी जीप कोरड्या नदीतून घालायला लावली. मी मागे पोत्यांवर बसले आहे, बूड भाजतं आहे, आणि मधोमध वाळूत चाकं रुततात. तुम्ही हवा सोडता, चाकांखाली गोणपाट आणि काड्या घालता, फोर-व्हीलचा दांडा ओढता. जीप हातभर पुढे जाते आणि बोनेटमधून वाफेचा लोट उठतो. रबरी नळी फाटलेली. तुम्ही सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून ती आवळून बांधता, पण तोवर इंजिनातलं पाणी वाळूने पिऊन टाकलेलं असतं. दोन्ही डबे त्यात जातात, तरी पुरत नाहीत. छागलीतलं साहेबांनी आधीच पिऊन संपवलं होतं, आणि ते वरच्या गावात एका मोठ्या घरी सावलीला जाऊन बसले होते. मला कोरड्या उलट्या होत होत्या. मी म्हटलं, मी गावात जाते, पाणी मागून आणते. आणि तुम्ही माझ्या कानाखाली मारलीत. त्याआधी कधी मारलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

"मागायचं न्हाई, माय," तुम्ही म्हणालात. "काय बी होऊ दे, पर त्या गावात मागायचं न्हाई."

थोड्या वेळाने साहेबांनीच एका माणसाच्या खांद्यावर घागर देऊन त्याला खाली पाठवलं. त्याने चार हात लांब उभं राहून तुम्हाला गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. तुम्ही सांगितलंत, आवाज जराही न पाडता. त्याने खांद्यावरची घागर कलती केली आणि मला म्हणाला, ओंजळ धर. मी धरली होती, अप्पा. मला काही कळत नव्हतं असं नाही, सातवीतल्या पोरीला पुरतं कळतं. कळूनही मी ओंजळ धरली, कारण घशाला कोरड पडली होती. तुम्ही माझे दोन्ही हात धरून खाली केलेत, बोनेट उघडलंत, फडक्याने रेडिएटरचं झाकण काढलंत आणि त्याला म्हणालात,

"हिच्यात ओता. हिची ओंजळ लई मोठी हाय."

वरून ओतलं असतं तर सगळं सांडलं असतं. म्हणून त्या माणसाला जवळ यावं लागलं, तुमच्या खांद्याला खांदा लावावा लागला, घागरीचा काठ जीपच्या लोखंडाला टेकवावा लागला. हां, असं जवळून, असं तुम्ही त्याला सांगत होतात, हळू, सांडू नका. घागर पूर्ण रिकामी होईपर्यंत. आणि मी शेजारी उभी राहून ते गार पाणी गडगड आत जाताना ऐकत होते.

जीप चालू झाली. उदगीरला पोचेपर्यंत मी बेशुद्ध पडले होते आणि दवाखान्यात मला सलाईन लावलं. आईला तुम्ही ऊन लागलं एवढंच सांगितलंत. पुढे मी नोकरीला लागल्यावर एकदा धीर करून विचारलं, की त्या दिवशी मला घोटभर का दिलं नाही. तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात, "गाडी चालू झाली न्हवं?" बस, एवढंच. सुंभ जळला तरी पीळ गेला नाही. तुम्ही त्या माणसाला हरवलंत, मला मान्य आहे, शंभरदा मान्य आहे. पण माझ्या तहानेवर हरवलंत. आजोबांनी दीक्षा घेतली ती ताठ मानेनं जगायला, असं तुम्ही सांगायचात. मान ताठ ठेवायची तर आधी माणूस जिवंत हवा. मला आधी एक ओंजळ पिऊ दिली असती आणि मग घागर बोनेटवर आपटली असती, तरी मी तुमचीच लेक राहिले असते. त्या माणसाचा मला राग नाही असं नाही. पण तोंडओळखही नसलेल्या माणसावर जन्मभर रागावता येत नाही. बापावर येतं. आणि त्या पाण्यापायी मी आजवर परक्या घरी पाणी मागितलेलं नाही. लग्नाला जाते तरी पिशवीत बाटली असते. शाळेतल्या बाया म्हणतात, मॅडमना स्वच्छतेचं फार. मी म्हणू देते.

आज संध्याकाळी सगळ्यांचं सामान तपासलं. माझ्या गाडीतले पाण्याचे डबे बघून तो उदगीरचा पोरगा म्हणाला, मॅडम, एवढ्या वजनानं गाडी वाळूत बसंल. वाटेत ढाण्या लागतात, म्हणजे चार-दोन घरांच्या वस्त्या. तिथले लोक चांगले आहेत, त्यांच्याकडे पाणी मागून घेऊ. मी ताडकन म्हटलं, मी मागत नाही. आवाज तुमचा होता, अप्पा, हुबेहूब तुमचा, आणि मला स्वतःचाच संताप आला. तो शांतपणे म्हणाला, मग तुम्हाला नेता येणार नाही. एक गाडी रुतली की चौघं अडकतात. पोरगं चुकीचं बोलत नव्हतं. मी गाडीत जाऊन दार लावून बसले. मग उतरले आणि निम्मे डबे स्वतःच्या हाताने खाली ठेवले.

म्हणजे आता कुठल्यातरी ढाणीच्या अंगणात उभं राहून मला पाणी मागायचं आहे. स्वयंपाकघरात एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं, जरा पाणी देता का? नीट निघेना. पेला हातात दिला तर पिईन. आडनाव विचारून वरून ओतायला लागले तर काय करायचं, ते मला माहीत नाही. तुम्ही एवढी तयारी शिकवलीत, त्याचं तेवढं एकच उत्तर शिकवलंत, आणि तेही माझ्या कामाचं नाही. आताच्या गाड्यांना विहिरीचं पाणी चालत नाही, कूलंट लागतं.

हे पत्र टाकायचं तर कुठे टाकणार. घडी घालून गाडीच्या कप्प्यात ठेवते आहे, नकाशांच्या खाली. एक गोष्ट मात्र त्या पोराला सांगितलेली नाही. तुमची जुनी छागल मी बादलीत भिजत घातली आहे. सकाळी भरून माझ्या सीटमागे ठेवणार आहे. कुणी विचारलं तर सांगेन, गाडीसाठी आहे.