चिंध्यांचा लिव्याथान

आई, पवित्र शास्त्रातला, बायबलमधला लिव्याथान म्हटलं की लोकांना आग ओकणारा, कुणालाच न आवरणारा समुद्रातला राक्षस आठवतो. मला मात्र तू जीन्सच्या चिंध्यांचा शिवलेला आठवतो. ऐंशीच्या दशकातल्या त्या पावसाळ्यात बाबा बदलापूरला उल्हास नदीत बुडाले, आणि तेव्हापासून मी पाण्याजवळ जाईना. बाबांना लिव्याथाननेच गिळलं, अशी माझी खात्री होती. "असं काही नसतं गं," म्हणून तू मला गप्प करू शकली असतीस. त्याऐवजी उन्हाळ्यात मला घेऊन कॅम्प तीनच्या सिंधी वस्तीत गेलीस आणि एका जीन्सच्या कारखान्यातून तुकड्यांचं गाठोडं उचललंस. तिथले सिंधी शेठ हसले, "बाई, इतना कपड़ा? किसकी पैंट बनाओगी?" तू म्हणालीस, "पैंट नहीं शेठ, राक्षस. बड़ावाला." त्यांनी जबड्यासाठी एक लांबलचक चेन फुकट दिली.

अंबरनाथला तुझ्या संडे स्कूलमध्ये पोरं त्याच्या पाठीवर बसायची, शेपूट ओढायची. चर्चच्या पाळकसाहेबांना ते रुचलं नाही. "सैतानाचं खेळणं करून ठेवलंत बाई तुम्ही," म्हणाले. तू शांतपणे उत्तर दिलंस, "पण साहेब, देवानं त्याला समुद्रात खेळायला घडवलं, हेही शास्त्रातच आहे ना?" तुझ्या त्या धिटाईचं मला आजही कौतुक वाटतं. मी मात्र लांबच उभी राहायचे. एका रविवारी सगळ्यांदेखत ओरडले, "मग त्यानं बाबांना का खाल्लं?" तू माझ्यासमोर खाली बसलीस. "मला नाही माहीत, बाळा. मीपण रागावलेय. देवाला रोज सांगते तसं." इतकं खरं उत्तर मला पुढे कुणीच दिलं नाही.

त्याच संध्याकाळी तू मला नदीवर नेलंस. चपला काढून आपण घोट्याइतक्या पाण्यात उभ्या राहिलो. मी खूप रडले, मग हळूहळू थांबले. आईनं माझी भीती घालवली, असं मी सगळ्यांना सांगत आले, आणि ते खोटंही नाही. एक गोष्ट तेवढी तुझ्या हयातीत बोलले नाही, आणि आता हा कागद तरी कुठल्या टपालपेटीत टाकणार? त्या संध्याकाळी तुझा हात थरथरत होता, आई. नदीची भीती तुला माझ्याहून जास्त होती. मला ते तेव्हाच कळलं होतं. तुला कळू दिलं नाही. नुसता तुझा हात घट्ट धरला आणि आणखी एक पाऊल आत टाकलं.