चार वाजताचं बीपी

३ जून, पिंप्राळा

काढलं! सहा महिन्यांत नर्सची पहिली नोकरी गेली. आईला सांगितलं — स्टाफ कमी केला. ती दवाखान्याला शिव्या देत बसली आणि मी मान हलवत जेवले. लाज कशी नाही वाटली?

४ जून

इथे तरी खरं लिही, संघमित्रा.

चार वाजताचं बीपी मी मोजलंच नव्हतं. अमळनेरचे चुडामण आबा, हर्नियाचं ऑपरेशन झालेले. डोळे मिटून पडले होते. कशाला उठवा! दुपारचं १२०/८० होतं, तेच खाली उतरवलं, सही ठोकली. सगळ्याच करतात! — करत असतील. त्यांचे पेशंट नाही गेले आयसीयूत. आतून रक्त जात होतं. अर्ध्या तासाने त्यांच्या सुनेने घाम बघून आरडाओरड केली, म्हणून आबा वाचले. माझ्यामुळे नाही.

९ जून

अजून एक आहे. हात धजत नव्हता.

मेट्रनबाईंनी केबिनमध्ये विचारलं, 'का नाही मोजलं?' आणि तोंडातून निघालं — 'कमलबाईंनी मशीन वर नेलं, परत आणलंच नाही.' खोटं! मशीन माझ्याच टेबलावर होतं. कमलबाई म्हणजे वॉर्डातल्या मावशी. मी डबा विसरले की ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडून अर्धी पुढे करायच्या. त्यांनाही काढलं.

२० जून

तिसऱ्या ठिकाणी नकार. बरं झालं. भोग!

१ जुलै, धुळे

मुलाखत. इथल्या मेट्रन सुलक्षणा मॅडम. 'आधीची नोकरी का सोडली?' पाठ केलेलं उत्तर ओठावर होतं. म्हटलं, 'सोडली नाही, काढलं. न मोजता बीपी लिहिलं.'

त्यांनी मशीन पुढ्यात ठेवलं, स्वतःची बाही वर केली. 'मोज.'

पट्टा बांधला, मोजलं. '१४८/९२. मॅडम, तुमचं वाढलंय.'

'माहीत आहे. सोमवारी ये.'

नोकरी लागली! आणि कमलबाईंचं नाव काही काढलं नाही. चोर ती चोरच.

१२ जुलै

प्रत्येकाचं दोनदा मोजते. पेशंट वैतागतात. वैतागू देत. पेढे वाटायचे म्हणते आई. घशाखाली उतरतील का?

१७ जुलै, जळगाव

सुट्टी. रात्रपाळी संपवून तशीच सकाळच्या बसने कमलबाईंच्या घरी गेले. आता लोकांची धुणीभांडी करतात. उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं, रडले.

त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, 'माले माहीत शे. मी चहा लिसनी केबिनना दारमाच उभी व्हतू.' म्हणजे माझं खोटं त्यांनी तेव्हाच ऐकलं होतं.

भाजी बाजूला सारली, पायात चपला घातल्या.

'चाल दवाखानामा. आते मेट्रनबाईनासमोर सांग.'

गळ्यातलं धुळ्याचं नवं ओळखपत्र काढून पर्समध्ये ठेवलं आणि त्यांच्या मागून निघाले.